वजन घटवण्यासाठी धरलेला व्यायाम स्पर्धा संपताच का सुटतो?

गोदाकाठ

नमस्कार. माझे वय ४३ असून मी नाशिकमध्ये एका बँकेत नोकरी करते. आमच्या कार्यालयाने मागे कर्मचाऱ्यांसाठी वजन घटवण्याची तीन महिन्यांची स्पर्धा ठेवली होती. जवळच्या एका व्यायामशाळेत सर्वांना सवलतीत प्रवेश मिळवून दिला गेला, दर सोमवारी प्रत्येकाने वजनकाट्यावर उभे राहून आकड्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचे असे ठरले आणि सर्वांत जास्त वजन घटवणाऱ्या तिघांना रोख बक्षीस जाहीर झाले. प्रशिक्षकाने पंचविशीतल्या शिपायापासून पन्नाशी ओलांडलेल्या शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात एकच तक्ता ठेवला: ट्रेडमिल, दोरीच्या उड्या, बर्पी (बैठक, जोर आणि उडी एका दमात) आणि शेवटी पोटाचे व्यायाम. माझे वजन साधारण पाच किलोंनी उतरले, बक्षीसही मिळाले. मात्र बक्षीस समारंभानंतर मी त्या व्यायामशाळेत पाऊल टाकलेले नाही आणि गेलेले सगळे वजन वर्षाच्या आत परत आले आहे.

आताच्या तपासणीत यकृतात चरबी आढळली, रक्तातील साखर काठावर निघाली आणि कमरेचा घेर ९२ सेंटीमीटर भरला. डॉक्टरांनी, यजमानांनी आणि सासूबाईंनी आपापल्या परीने सांगून झाले आहे की माझ्यात चिकाटी नाही. हे मला पटत नाही, कारण त्याच वर्षी मी पहाटे उठून अभ्यास करून सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षेचे उरलेले पेपर दिले आणि उत्तीर्ण झाले. चिकाटी एका कामात असावी आणि दुसऱ्यात अजिबात नसावी, हे कसे? आमच्या एका सहकाऱ्याने मॅस्लोच्या पिरॅमिडचा दाखला देऊन सांगितले की खालच्या पायऱ्यांवरच्या गरजा भागल्याशिवाय माणूस व्यायामासारख्या वरच्या गोष्टींकडे वळत नाही. तेही मला थोडे ओढूनताणून आणलेले वाटले.

माझे प्रश्न दोन आहेत. माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा आणि व्यायाम टिकणे किंवा न टिकणे यांचा खरोखर काही संबंध अभ्यासातून दिसला आहे का? आणि चरबी कमी व्हावी म्हणून धाप लागेपर्यंतचाच व्यायाम हवा, की चालण्यासारख्या साध्या गोष्टींनीही काम होते? ‘मनावर घ्या’ एवढेच लिहायचे असेल तर कृपया लिहू नये.

वाचनखूण

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो. चरबीचे गणित वैद्यकाच्या जाणकारांनी सांगावे.

आधी मॅस्लो यांच्याविषयी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी गरजांची उतरंड १९४३ च्या लेखात मांडली. त्या लेखात पिरॅमिडची आकृती नाही, ती पुढे इतरांनी काढली आणि व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांतून ती इतकी फिरली की मूळ म्हणणे मागेच राहिले. खालची गरज शंभर टक्के भागल्याखेरीज वरची जागीच होत नाही, हा समज चुकीचा असल्याचे मॅस्लो यांनी त्याच लेखात स्पष्ट केले आहे. सर्वसामान्य माणसाच्या सगळ्याच गरजा अंशतः भागलेल्या आणि अंशतः अपुऱ्या असतात. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याचे उत्तर बाजूला ठेवायला हरकत नाही.

तुमच्या प्रश्नाला जवळचा आहे तो एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या रॉचेस्टर विद्यापीठातील दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात उभा केलेला स्वनिर्णयाचा सिद्धांत. त्यांच्या मते अन्नपाण्याइतक्याच मूलभूत अशा तीन मानसिक गरजा आहेत. पहिली स्वायत्ततेची, म्हणजे मी जे करते आहे ते माझ्या मर्जीने करते आहे ही जाणीव. दुसरी सक्षमतेची, म्हणजे जे करते ते मला जमते आणि दिवसेंदिवस अधिक चांगले जमते आहे हा अनुभव. तिसरी आपुलकीची, म्हणजे माझी कोणाला तरी पर्वा आहे आणि मलाही कोणाची तरी आहे हे नाते. एखाद्या कामातून या गरजा भागत असतील तर माणूस त्या कामाकडे आपणहून परत जातो आणि त्या चिरडल्या जात असतील तर बाहेरचा रेटा संपताच काम सुटते. स्वायत्तता म्हणजे एकट्याने करणे नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. दुसऱ्याने सुचवलेली गोष्टही मनापासून पटली असेल तर ती स्वायत्तच असते.

बक्षिसाविषयी डेसी यांचा १९७१ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला, दुसऱ्या गटाला कधीच काही दिले नाही. शेवटच्या सत्रात पैसे बंद झाल्यावर पहिल्या गटातील विद्यार्थी मोकळ्या वेळेत त्या कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागले. जे आधी गंमत म्हणून चालले होते त्याची मजुरी झाली आणि मजुरी थांबली तसे कामही थांबले. बक्षिसाच्या दुष्परिणामांवर पुढे पुष्कळ वाद झाले. निखळ कंटाळवाण्या कामात बक्षिसाने काही बिघडत नाही, असेही अनेकांचे म्हणणे आहे. परंतु जी गोष्ट आयुष्यभर करायची आहे तिला तीन महिन्यांचे बक्षीस लावणे हा सौदा मला तरी आतबट्ट्याचा वाटतो.

आता तुमची स्पर्धा या तीन गरजांच्या कसोटीवर लावून पाहा. व्यायाम कोणता, कधी, किती, हे सर्व दुसऱ्याने ठरवले होते. सक्षमता मोजायचे साधन म्हणून फक्त वजनकाटा होता, जो पाण्याच्या आणि मिठाच्या फरकानेही एका दिवसात किलोभर मागेपुढे होतो. त्यामुळे आठवडाभर मनापासून व्यायाम करूनही सोमवारी आकडा चढलेला दिसू शकतो आणि आपल्याला काहीच जमत नाही असे वाटते. सहकारी सोबत होते खरे, पण प्रतिस्पर्धी म्हणून. दुसऱ्याचा आकडा उतरला की आपला क्रमांक घसरणार असेल, तर तेथे आपुलकी कशी रुजणार? सीएआयआयबीचे उलट होते. परीक्षा द्यायची हे तुम्ही ठरवलेत, एकेक पेपर सुटत गेला तसे जमते आहे हे दिसत गेले आणि त्यातून मिळणारे स्थान तुम्हाला स्वतःला हवे होते. दोन्हीकडे माणूस एकच होता, कामाची रचना वेगळी होती.

वजनाच्याच बाबतीत याचा अभ्यास झाला आहे. पोर्तुगालमध्ये पेद्रो तेशेरा यांच्या गटाने जादा वजनाच्या स्त्रियांसाठी वर्षभराचा कार्यक्रम याच सिद्धांतावर बेतला होता. आज्ञा करण्याऐवजी पर्याय दिले, कारणे समजावून सांगितली, आपल्याला कोणता व्यायाम आवडतो हे त्यांचे त्यांना शोधू दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्यांची व्यायामाची प्रेरणा स्वतःची झाली होती, त्यांचे घटलेले वजन तीन वर्षांनंतरही अधिक प्रमाणात टिकले होते. सुरुवातीला किती किलो उतरले यापेक्षा ते कोणत्या वाटेने उतरले, याला महत्त्व होते.

आणखी एक बाब अशी की बाहेरचा दबाव पुष्कळदा आत येऊन बसतो. ‘आज गेले नाही तर मी आळशी ठरेन’ या भावनेने केलेला व्यायाम वरवर स्वतःहून केलेला दिसतो, पण त्यामागे अपराधी भावनेचा चाबूक असतो. असा व्यायाम काही आठवडे जोरात चालतो. एकदा खंड पडला की अपराधी भावना इतकी वाढते की ती टाळण्यासाठी माणूस त्या विषयाचे नावच काढत नाही. घरच्यांच्या टोमण्यांचा परिणाम नेमका या जातीचा असतो, मग त्यांचा हेतू कितीही चांगला असो.

जठराग्नी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मी फिजिशियन असून असे रुग्ण रोज पाहतो.

शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी ऊर्जा साठलेली असते. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालली, तर बसून राहण्यापेक्षा ९० च्या आसपास कॅलरी जास्त खर्च होतात. एका वडापावात ३०० कॅलरी सहज असतात. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस पाऊण तास चालणाऱ्या माणसाची एक किलो चरबी जायला कागदावर साडेनऊ आठवडे लागतात, तेही खाणे तीळमात्र वाढले नाही तर. प्रत्यक्षात भूक थोडी वाढते आणि दमल्यामुळे उरलेल्या दिवसात हालचाल थोडी घटते. त्यामुळे आहार न बदलता नुसत्या व्यायामाने काही महिन्यांत दोन-तीन किलोंच्या आसपास वजन उतरते आणि पुष्कळांचे तेवढेही उतरत नाही. हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी जमातीचा दैनंदिन ऊर्जाखर्च मोजून २०१२ मध्ये जे मांडले ते याच दिशेचे आहे. दिवसभर चालणाऱ्या, कंदमुळे खणणाऱ्या त्या माणसांचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेता, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य लोकांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर एकीकडे वाढलेला खर्च दुसरीकडे काटकसर करून काही प्रमाणात भरून काढते. हे नेमके किती प्रमाणात घडते यावर अजून चर्चा चालू आहे, पण व्यायाम केला म्हणून खाण्याची मोकळीक मिळते, हा हिशेब चुकीचा आहे हे निश्चित.

मग व्यायाम कशाला करायचा, असे तुम्ही विचाराल. त्याची कारणे वजनकाट्यावर दिसत नाहीत. नुसत्या उपासमारीने वजन घटवले तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींचा असतो. वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ही हानी बरीच टळते. (स्नायू वाढले की बसल्याजागी भरपूर कॅलरी जळतात, ही मात्र अतिशयोक्ती आहे. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो.) पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी व्यायामाने कमी होते आणि ती वजन फारसे न बदलताही कमी होऊ शकते. यकृतातील चरबी आणि इन्शुलिनचा बिघडलेला परिणाम यांचा याच आतल्या चरबीशी जवळचा संबंध असल्यामुळे तुमच्या दृष्टीने हा फायदा सर्वांत मोठा आहे. शिवाय उतरलेले वजन उतरलेलेच ठेवण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका नोंदवहीत वजन घटवून वर्षानुवर्षे टिकवणाऱ्या हजारो लोकांची माहिती आहे आणि त्यांतील बहुतेक जण दिवसाला सुमारे तासभर काही ना काही हालचाल करतात, बहुतांशी चालतात.

आपल्या लोकांसाठी वजनाचा आकडा किती फसवा असतो, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. ही जोडी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, ही आपली ठेवण असल्यामुळेच भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर मानतात. तुमचा ९२ चा आकडा मला तुमच्या वजनापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जात नाही. चरबी पेशींतून सुटून रक्तात येते आणि काम करणाऱ्या कोणत्याही स्नायूत जळते, त्यामुळे ती कोठून आधी निघेल हे आपल्या हातात नसते. ती जाते कोठे, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर तिचे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेल्याचे पाणी होते. घामाने चरबी वितळते असे सांगून पोटाला प्लास्टिकचे पट्टे विकणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

बर्पीची सक्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी धाप. याहून जास्त धाप लागू लागली की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो आणि ते स्वाभाविक आहे. ज्या गोष्टीची आठवण कडवट असते तिच्याकडे मन पुन्हा वळत नाही. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक व्यायाम नवख्या माणसाला या रेषेपलीकडे नेणारा होता.

लाल माती

वरील विवेचन वाचले, माहिती चांगली आहे, परंतु मतभेद नोंदवतो. मी कोल्हापूरचा असून तरुणपणी तालमीत होतो. पहाटे चार वाजता वस्ताद उठवत, तेव्हा आमच्या स्वायत्ततेची चौकशी कोणी केली नाही. जोर, बैठका, सपाट्या सांगितल्या तेवढ्या माराव्याच लागत. आवड निर्माण होण्याची वाट पाहिली असती तर कोणीच मल्ल झाला नसता. शिस्त आधी लागते, गोडी मागाहून येते. आजकाल प्रत्येक गोष्टीला मानसिक गरजेचे नाव देऊन माणसाला सुटका मिळवून देण्याची पद्धत पडली आहे आणि त्याने माणसाचे नुकसानच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ताईंना माझा सल्ला असा की वेळ ठरवावी, तीन महिने मनाचे काही ऐकू नये, मग शरीरच उठवेल.

वाचनखूण

‘लाल माती’ यांनी तालमीचा विषय काढला हे बरे झाले, कारण तालमीइतकी या सिद्धांताला अनुकूल व्यवस्था मला दुसरी दिसत नाही. तालमीत पोरगा पहिल्यांदा स्वतःच्या हट्टाने जातो, पुष्कळदा घरच्यांचा विरोध पत्करून. तेथे त्याला पहिल्याच दिवशी मोठ्या मल्लाइतक्या बैठका कोणी सांगत नाही. वस्ताद त्याचा वकूब पाहून संख्या वाढवत नेतात, एकेक डाव हाताला धरून शिकवतात आणि महिन्याभरात काल न सुटणारी पकड आज सुटते. म्हणजे सक्षमता रोज मातीतच तपासली जाते. जोडीदाराशिवाय तर कुस्तीचा सरावच होत नाही. एकमेकांच्या अंगाला तेल-माती लावणारी, एका चुलीवर जेवणारी ती पोरे आयुष्यभराचे मित्र होतात. वस्तादांचा धाक खरा असतो, पण तो आपला माणूस मानून घातलेला धाक असतो. तोच वस्ताद परक्या कार्यालयात जाऊन अनोळखी लोकांना सपाट्या मारायला लावू लागला, तर चार दिवसांत वर्ग ओस पडेल.

शिस्तीला माझा विरोध नाही. ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा यांनी सवय लागायला फार मदत होते, हे अभ्यासांतही दिसते. प्रश्न शिस्त कोणाची, एवढाच आहे. आणि एक विनंतीवजा प्रश्न आपल्याला विचारतो: तालीम सुटल्यावर आपल्या किती सोबत्यांनी व्यायाम चालू ठेवला?

लाल माती

प्रश्न वर्मी लागणारा आहे. फार थोड्यांनी ठेवला. आमच्याकडे म्हणतातच की कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही. ज्यांनी चालू ठेवला त्यांनी पुढे पोरे शिकवायला घेतली, हेही खरे आहे. शिस्तीविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

पोळपाट

एवढ्या चर्चेत वेळेचा विषय कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. पहाटे चारला उठणाऱ्या मल्लाच्या मागे घरी भाकरी थापणारी आई असते. नोकरी करणाऱ्या बाईला सकाळी दोन डबे, शाळेची रिक्षा, सासूबाईंचा चहा आणि औषध आणि पाणी यायची वेळ सांभाळून नऊ वाजता बाहेर पडायचे असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले आणि पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटे. स्वायत्ततेचा सिद्धांत कितीही बरोबर असला तरी आमच्याकडे तो पाऊण तासाच्या मोकळ्या वेळेपाशी येऊन अडतो. आपल्या मर्जीने व्यायाम करायचा म्हणजे त्या वेळात कुकर दुसऱ्या कोणीतरी लावायचा.

म्हणून ‘गोदाकाठ’ यांना माझे सांगणे वेगळे आहे. यजमानांना आणि सासूबाईंना तुमच्या वजनाची काळजी आहे ना? मग आठवड्यातले चार दिवस सकाळचा एक डबा यजमानांनी भरावा. काळजी बोलून दाखवण्याऐवजी पोळ्या लाटून दाखवली तर तिचा उपयोग होतो. हे भांडण म्हणून लिहीत नाही. आमच्या घरी ही व्यवस्था लागायला बरीच कुरबूर झाली, पोळ्यांचे नकाशेही झाले, पण आता कोणी त्याविषयी बोलतही नाही. आणि चालायला जाताना मोबाइल घरी ठेवावा, नाहीतर ‘मोहरी कुठे आहे’ हे विचारायला तीन वेळा फोन येतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘पोळपाट’ यांचा प्रतिसाद मी यजमानांना वाचायला दिला. त्यांनी डब्याचे मान्य केले आहे, पोळ्यांसाठी मात्र बाई लावू असे त्यांचे म्हणणे आहे. तेही चालेल.

वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती विचारते. आमच्या कॉलनीत मंगळागौरीच्या खेळांचा गट आहे. श्रावणाच्या आधीपासून आम्ही संध्याकाळी सभागृहात सराव करतो: फुगड्या, झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणे. दीड तास कसा जातो कळत नाही, घामाने चिंब होतो आणि सराव चुकवावा असे कधी वाटत नाही. किंबहुना एखादी आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात. व्यायाम म्हणून मी याकडे कधी पाहिलेच नव्हते, कारण कोणी तसे सांगितले नाही. भाद्रपद लागला की गट बंद होतो. हा प्रकार वर्षभर चालू ठेवला तर तो व्यायामात धरता येईल का? आणि ताकदीच्या व्यायामासाठी मला पुन्हा व्यायामशाळेतच जावे लागेल का? काठावरच्या साखरेसाठी एवढे पुरेल का?

वाचनखूण

धरता येईल काय, व्यायाम शिकवणाऱ्यांनी तुमच्या गटाकडून शिकावे असे मी म्हणेन. ज्या तीन गरजांबद्दल वर लिहिले त्या तिन्ही तेथे भागत आहेत आणि न आलेल्या बाईच्या दारात उभे राहणे हा आपुलकीचा रेटा आहे, क्रमवारीचा नव्हे. एकच सावधगिरी सुचवतो: याला वजन घटवण्याचा कार्यक्रम असे नाव देऊ नका आणि सभागृहात वजनकाटा आणू नका. प्रगती मोजायचीच असेल तर नवा खेळ बसला का, पूर्वी दमून थांबावे लागे तेथून पुढे जाता येते का, एवढेच पाहावे. पितृपक्षात किंवा परीक्षांच्या काळात खंड पडणारच. तो पडला की पुन्हा कोणत्या दिवशी भेटायचे हे आधीच ठरवून ठेवले, तर खंड पडल्याची अपराधी भावना डोके वर काढत नाही.

जठराग्नी

फुगडी आणि झिम्मा हा जोरकस नाचाइतका व्यायाम आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन सराव आणि उरलेल्या तीन-चार दिवशी अर्धा तास चालणे एवढ्याने शिफारशीतील १५० मिनिटांपेक्षा जास्त होते. चालण्यासाठी कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचे मैदान जवळ असेल तर उत्तम, नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर कॉलनीतच पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतर वाढणारी साखर त्या वेळी स्नायू थेट उचलतात, म्हणून काठावरच्या साखरेसाठी हे पंधरा मिनिटांचे चालणे विशेष उपयोगी पडते. गुडघे दुखत असतील किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर बसफुगडी आणि वेगाच्या गिरक्या टाळाव्यात.

ताकदीसाठी व्यायामशाळा आवश्यक नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात ठेवून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा दळणाची पिशवी उचलून चालणे, जिने चढणे यांनी सुरुवात होते. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक प्रकार एवढ्या वेळा करावा की शेवटचे दोन-तीन जड जावेत. ते सहज जमू लागले की वजन वाढवावे. सूर्यनमस्कार येत असतील तर तेही चालतील. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा प्रसार शाळाशाळांतून केला, तो काही चरबीसाठी नव्हे, पण संथ गतीने आणि नीट घातलेल्या नमस्कारांत खांद्यांना आणि मांड्यांना चांगलेच काम पडते.

चरबीचा मोठा वाटा मात्र ताटातूनच कमी व्हायचा आहे. तुमच्या नोकरीच्या वेळा पाहता संध्याकाळी पाच वाजताचे फरसाण, दिवसभराचे साखरेचे चहा आणि उपासाची शेंगदाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाणा खिचडी, या तीन जागा आधी तपासाव्यात. दोन्ही जेवणांत वरण, उसळ, दही, अंडे यांपैकी काहीतरी भरपूर असावे. सगळे एकदम बदलू नये. कोणती जागा आधी धरायची हे तुम्हीच ठरवा, वरच्या प्रतिसादांत आलेल्या कारणांसाठीच.

काठावरच्या साखरेबद्दल निराश होऊ नये. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीय लोकांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साखर काठावर असलेल्यांपैकी ज्यांना चालणे आणि आहारातील बदल यांचे मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले आणि ते वजनात फारसा फरक न पडताही घटले. कमरेचा घेर महिन्यातून एकदाच मोजावा: सकाळी पोट रिकामे असताना, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरून, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी, त्याआधी केल्यास बदल नीट दिसत नाही. यकृताच्या चाचण्या केव्हा पुन्हा करायच्या हे तुमच्या डॉक्टरांना विचारावे आणि छातीत दुखणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप असे काही जाणवले तर सराव थांबवून आधी त्यांना भेटावे.